चांगला नेता कोणता? फ्रेड फीडलर यांचा चाळीस वर्षांचा शोध

शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात वर्गप्रमुख निवडायचा असतो. बहुतेक वेळा शिक्षकांच्या मनात नाव आधीच ठरलेले असते. आवाज खणखणीत, चारचौघांत न बुजणारा, अभ्यासात बरा, दिसायला चुणचुणीत असा एखादा मुलगा किंवा मुलगी. ‘याच्यात नेतृत्वगुण आहेत’ असे आपण म्हणतो आणि वर्गातल्या उरलेल्या पन्नास मुलांत ते नाहीत, असेही न बोलता ठरवून टाकतो. मग सहल असो, विज्ञान प्रदर्शन असो की स्नेहसंमेलन, पुढे येतात ती तीच दोन-तीन नावे.

नेतृत्व हा उंचीसारखा किंवा डोळ्यांच्या रंगासारखा एक गुण आहे, तो काहींत असतो आणि काहींत नसतो, ही समजूत फार जुनी आहे. ती खरी आहे का, याची कसून तपासणी विसाव्या शतकात झाली आणि तिचा मोठा भाग लष्कराच्या गरजेतून झाला. ते साहजिकच होते. वर्गप्रमुखाची निवड चुकली तर फार तर गोंगाट वाढतो. तुकडीच्या प्रमुखाची निवड चुकली तर माणसे मरतात.

या तपासणीत चाळीस वर्षांहून अधिक काळ घालवलेल्या एका प्राध्यापकाची ओळख आपण या लेखात करून घेणार आहोत. त्यांचे नाव फ्रेड फीडलर. त्यांची उत्तरे सगळीच टिकली असे नाही. पण ‘चांगला नेता कोण?’ हा प्रश्न विचारायची पद्धत मात्र त्यांच्या कामामुळे बदलली.

लष्कर आणि मानसशास्त्र

आधी थोडी पार्श्वभूमी पाहू. पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ मध्ये उतरली, तेव्हा लाखो रंगरुटांची वर्गवारी करण्याचा प्रश्न उभा राहिला. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन बुद्धिमापन चाचण्या तयार केल्या. साक्षरांसाठी ‘आर्मी अल्फा’ आणि निरक्षरांसाठी किंवा इंग्रजी न येणाऱ्यांसाठी ‘आर्मी बीटा’. सुमारे १७ लाख माणसांनी या चाचण्या दिल्या. एकाच वेळी शेकडो जणांची परीक्षा घेता येते हे त्यातून दिसले. पण बुद्धी मोजणे म्हणजे नेतृत्व मोजणे नव्हे, हेही उघड होते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला अधिकाऱ्यांची फार मोठ्या संख्येने गरज पडली. तोवर शाळा, घराणे आणि थोडा वेळ चाललेली मुलाखत यांवर निवड होत असे. या पद्धतीने निवडलेले बरेच उमेदवार प्रशिक्षणातच नापास होऊ लागले. १९४२ मध्ये नवी निवड मंडळे सुरू झाली. त्यांत विल्फ्रेड बायन या मनोविकारतज्ज्ञाने एक साधी पण विलक्षण कल्पना आणली. सात-आठ उमेदवारांना एक काम द्यायचे आणि त्यांचा प्रमुख नेमायचाच नाही. मग कोण पुढे होतो, कोण इतरांचे ऐकतो, कोण फक्त स्वतःची छाप पाडायला बघतो, हे बाजूला उभे राहून पाहायचे. बायन यांचा जन्म १८९७ मध्ये आपल्या मथुरेत झाला होता आणि पहिल्या महायुद्धात ते रणगाड्यांवर अधिकारी होते.

हीच पद्धत १९४३ मध्ये भारतात आली. डेहराडूनला प्रायोगिक निवड मंडळ स्थापन झाले. पुढे १९४९ मध्ये मानसशास्त्रीय संशोधनाचा स्वतंत्र विभाग निर्माण झाला आणि त्यातूनच आजची दिल्लीची संरक्षण मानसशास्त्रीय संशोधन संस्था उभी राहिली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाण्यासाठी आपल्या शाळांतले जे विद्यार्थी निवड मंडळापुढे, म्हणजे ‘एसएसबी’पुढे, उभे राहतात, त्यांना मैदानावरचे गटकार्य करावे लागते. त्याचे मूळ बायन यांच्या या नेताविरहित गटात आहे.

या सर्व खटाटोपात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. योग्य माणूस निवडला की काम झाले. तो कोठेही नेमा, चांगलेच नेतृत्व करील. या गृहीतकाला पहिला मोठा धक्का १९४८ मध्ये बसला. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या राल्फ स्टॉगडिल यांनी १९०४ पासूनची १२४ संशोधने एकत्र करून तपासली. नेत्यांमध्ये काही गुण थोडेफार अधिक आढळत होते. पण सर्व ठिकाणी, सर्व गटांत लागू पडेल अशी गुणांची यादी काही त्यांना मिळाली नाही. एका परिस्थितीत नेता ठरलेला माणूस दुसरीकडे ठरेलच असे नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. मग परिस्थितीचा नेमका वाटा किती आणि तो मोजायचा कसा? हा प्रश्न मोकळाच राहिला. फीडलर यांचे काम येथून सुरू होते.

व्हिएन्ना ते शिकागो

फ्रेड फीडलर यांचा जन्म १९२२ मध्ये व्हिएन्ना शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. आईवडिलांचे कापड व शिवणसाहित्याचे दुकान होते. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. त्याच वर्षी हा कुमारवयातला मुलगा अमेरिकेला पोचला. एका ‘महान नेत्या’मागे सारा देश कसा धावतो, हे त्या पिढीने फार जवळून पाहिले होते. १९४२ ते १९४५ या काळात फीडलर अमेरिकी सैन्यात होते. युद्ध संपल्यावर ते शिकागो विद्यापीठात परतले आणि १९४९ मध्ये मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

त्यांच्या प्रबंधाचा विषय लष्कराशी संबंधित नव्हता. मानसोपचाराचे तीन संप्रदाय त्या वेळी एकमेकांशी भांडत होते. फ्रॉइड यांचा, अॅडलर यांचा आणि कार्ल रॉजर्स यांचा. फीडलर यांनी तिन्ही संप्रदायांतले मुरलेले आणि नवशिके असे उपचारक घेतले. त्यांच्या रुग्णांशी झालेल्या संभाषणांचे ध्वनिमुद्रण परीक्षकांना ऐकवले आणि उपचारक व रुग्ण यांच्यातले नाते कसे आहे याचे मूल्यमापन करून घेतले. निष्कर्ष मोठा मजेदार निघाला. वेगवेगळ्या संप्रदायांतले मुरलेले उपचारक एकमेकांसारखे होते. आपापल्या संप्रदायातल्या नवशिक्यांशी त्यांचे तितके साम्य नव्हते. अध्यापनाच्या पद्धतींवरून वाद घालणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे संशोधन जरूर लक्षात ठेवावे.

या कामात फीडलर यांना आणखी एक धागा मिळाला. चांगला उपचारक रुग्णाला आपल्यासारखाच एक माणूस मानतो, त्याला परका मानत नाही, असे त्यांना दिसले होते. मग गटाच्या नेत्याचेही तसेच असेल का? जो नेता आपल्या सहकाऱ्यांना जवळचे मानतो त्याचा गट अधिक चांगले काम करील का? १९५१ मध्ये ते इलिनॉय विद्यापीठात रुजू झाले आणि या प्रश्नाच्या मागे लागले. पैसा आला अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयाकडून. १९४६ मध्ये स्थापन झालेले हे कार्यालय विद्यापीठांतल्या मूलभूत संशोधनालाही अनुदान देत असे. पुढे फीडलर यांची बहुतेक कारकीर्द अशी विद्यापीठ आणि लष्कर यांच्या सीमेवर गेली.

नकोसा सहकारी

नेत्याचे मन ओळखायचे कसे? ‘तुम्ही चांगले नेते आहात का?’ असे विचारून उपयोग नाही. सगळेच हो म्हणतील. फीडलर यांनी आडवळणाचा रस्ता घेतला. नेत्याला सांगायचे, तुम्ही आजवर ज्या ज्या माणसांबरोबर काम केले त्यांना आठवा. त्यांतला असा एक निवडा, ज्याच्याबरोबर काम पार पाडणे तुम्हांला सर्वांत जड गेले. त्याचे नाव सांगू नका. फक्त त्याचे वर्णन करा.

वर्णनासाठी परस्परविरुद्ध विशेषणांच्या जोड्या दिलेल्या असत. मनमिळाऊ आणि तुसडा, सहकार्य करणारा आणि अडवणूक करणारा, आनंदी आणि खिन्न, अशा. प्रत्येक जोडीत एक ते आठ गुणांची पट्टी. चांगल्या टोकाला आठ, वाईट टोकाला एक. सगळ्यांची बेरीज केली की नेत्याचा गुणांक मिळाला.

या चाचणीत नकोशा सहकाऱ्याविषयी फार थोडे कळते. कळते ते वर्णन करणाऱ्याविषयी. काही माणसे म्हणतात, ‘त्याच्याबरोबर काम करणे अवघड होते, पण माणूस म्हणून तो वाईट नव्हता.’ त्यांचा गुणांक जास्त येतो. अशा माणसांना नाती महत्त्वाची वाटतात, असा फीडलर यांचा अर्थ. काही माणसांच्या मते ज्याने काम बिघडवले तो सर्वच बाबतीत वाईट. त्यांचा गुणांक कमी. त्यांच्या लेखी काम पार पडणे सर्वांत महत्त्वाचे. आपण सोयीसाठी पहिल्यांना ‘नातेप्रधान’ आणि दुसऱ्यांना ‘कार्यप्रधान’ म्हणू. कार्यप्रधान माणूस दुष्ट असतो किंवा नातेप्रधान माणूस आळशी असतो, असा याचा अर्थ मुळीच नाही.

आकडे जुळेनात

सुरुवातीची तपासणी माध्यमिक शाळांच्या बास्केटबॉल संघांवर आणि जमीन मोजणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पथकांवर झाली. येथे यश मोजणे सोपे होते. संघ किती सामने जिंकला, मोजणी किती अचूक आली, एवढे पाहायचे. अपेक्षा अशी होती की सहकाऱ्यांना जवळचे मानणाऱ्यांचे गट पुढे असतील. झाले उलटेच. जिंकणाऱ्या संघांत खेळाडूंनी ज्याला आपला म्होरक्या मानले होते तो सहकाऱ्यांकडे काटेकोर, काहीशा दुरून पाहणारा निघाला.

मग पाळी आली लष्करी गटांची. बी-२९ बाँबफेकी विमानांचे ताफे आणि रणगाड्यांवरची पथके. येथे चित्र आणखी गुंतागुंतीचे झाले. संख्याशास्त्रात दोन गोष्टी किती जुळून चालतात हे सहसंबंध गुणांकाने सांगतात. तो उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान असतो. नेत्याचा गुणांक आणि गटाचे यश यांचा सहसंबंध काही पथकांत अधिक, तर काही पथकांत उणे येत होता. सर्वांची सरासरी काढली की शून्याजवळ काहीतरी उरायचे.

अशा वेळी पुष्कळ संशोधक ‘संबंध नाही’ असे लिहून मोकळे होतात. फीडलर यांनी पथके वेगळी करून पाहिली. तेव्हा लक्षात आले की प्रमुखाचे त्याच्या महत्त्वाच्या सहकाऱ्याशी, उदाहरणार्थ विमानातल्या रडारचालकाशी, संबंध कसे आहेत यावर चिन्ह बदलत होते. म्हणजे शून्य ही दोन खऱ्या पण विरुद्ध गोष्टींची वजाबाकी होती. सरासरीने माहिती झाकली जाते याचे हे उत्तम उदाहरण आहे. वर्गाच्या सरासरी गुणांवरून निष्कर्ष काढताना आपणही हे आठवावे.

त्याच सुमारास ओहायोच्या संशोधकांनीही विमानपथकांचा अभ्यास केला होता. त्यांना असे आढळले की काम नीट आखून देणारा, शिस्तीचा प्रमुख वरिष्ठांना पसंत असतो. आपुलकीने वागणारा प्रमुख हाताखालच्या माणसांना आवडतो. ‘चांगला नेता’ हे कोणाला विचारता यावरही उत्तर अवलंबून होते.

परिस्थितीचे आठ कप्पे

सुमारे बारा वर्षांची आकडेवारी जमल्यावर फीडलर यांनी १९६४ मध्ये आपला सिद्धांत मांडला आणि १९६७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. मराठीत त्याला ‘परिस्थितिसापेक्ष नेतृत्वाचा सिद्धांत’ म्हणता येईल.

परिस्थिती मोजण्यासाठी त्यांनी तीन प्रश्न घेतले. पहिला, गटाचे नेत्याशी संबंध चांगले आहेत की वाईट? दुसरा, काम आखीव आहे की मोकळे? बंदूक सुटी करून पुन्हा जोडणे हे आखीव काम. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि चूक लगेच दिसते. नवी योजना सुचवणे हे मोकळे काम. तेथे एकच एक बरोबर उत्तर नसते. तिसरा, नेत्याच्या हातात अधिकार किती? बक्षीस किंवा शिक्षा देण्याची, बढती रोखण्याची ताकद त्याला आहे का?

प्रत्येक प्रश्नाची दोन उत्तरे. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठ कप्पे झाले. पहिल्या कप्प्यात नेत्याला सगळे अनुकूल. संबंध चांगले, काम आखीव, अधिकार भरपूर. आठव्यात सगळे प्रतिकूल. आता गंमत पाहा. कार्यप्रधान नेत्यांचे गट दोन्ही टोकांना पुढे होते, फार अनुकूल परिस्थितीत आणि फार प्रतिकूल परिस्थितीतही. मधल्या कप्प्यांत मात्र नातेप्रधान नेत्यांची कामगिरी सरस होती.

याचे स्पष्टीकरण समजायला अवघड नाही. सगळे सुरळीत चालले असेल तर लोक सूचनांची वाट पाहत असतात. कोणी नीट सांगितले की काम होते. सगळेच विस्कटले असेल तर मन राखत बसायला वेळ नसतो. कोणीतरी ठामपणे सूत्रे हातात घ्यावी लागतात. पण काम मोकळे आहे आणि लोकांच्या कल्पना हव्या आहेत, किंवा काम सोपे असूनही माणसे नाराज आहेत, अशा मधल्या स्थितीत दुसऱ्याचे ऐकून घेणारा माणूस उपयोगी पडतो.

यातून निघणारा व्यावहारिक सल्ला त्या काळी धक्कादायक वाटला. माणसाचा स्वभाव दोन दिवसांच्या शिबिरात बदलत नाही. त्यापेक्षा काम बदलणे सोपे. १९६५ मध्येच उद्योगधंद्यांच्या व्यवस्थापकांसाठी लिहिलेल्या लेखात त्यांनी माणसाला कामाच्या साच्यात बसवण्याऐवजी काम माणसाला साजेसे करावे, असे सुचवले होते. १९७६ मध्ये मार्टिन चेमर्स आणि लिंडा माहर यांच्यासह त्यांनी स्वयंअध्ययनाचे एक पुस्तकच काढले. आपला कल ओळखा, आपली परिस्थिती मोजा, आणि दोहोंचा मेळ बसेल असे फेरफार परिस्थितीत करा, हा त्याचा गाभा. अमेरिकेतल्या छात्रसैनिकांवर या प्रशिक्षणाच्या चाचण्याही झाल्या.

बेल्जियमचे नौसैनिक

सिद्धांत जुन्या आकड्यांवरून बांधला असेल तर तो त्या आकड्यांना जुळणारच. खरी परीक्षा नव्या आकड्यांवर. त्यासाठी फीडलर यांनी बेल्जियमचे नौदल निवडले. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तीन-तीन जणांचे ९६ गट होते. निम्म्या गटांचे प्रमुख अनुभवी कनिष्ठ अधिकारी, तर निम्म्यांचे प्रमुख नुकतेच भरती झालेले नौसैनिक. काही गट एकाच भाषेचे, काही फ्लेमिश आणि फ्रेंच भाषकांचे मिश्र. त्या वर्षांत बेल्जियममध्ये भाषेचा वाद चांगलाच तापलेला होता, त्यामुळे मिश्र गटातला ताण नाटकी नव्हता. कामेही वेगवेगळी दिली होती. नौदलात भरती व्हा असे आवाहन करणारे पत्र लिहायचे, अनेक बंदरांना भेट देणारा जहाजाचा सर्वांत जवळचा मार्ग शोधायचा, आणि न बोलता, केवळ हातवारे करून, पिस्तूल सुटे करून जोडायला शिकवायचे.

निकाल बऱ्याच अंशी सिद्धांताच्या दिशेने गेले, असे फीडलर यांचे म्हणणे होते. पण या प्रयोगातून आणखी एक गोष्ट निघाली, जी कोणीच अपेक्षिली नव्हती. अनेक वर्षांची सेवा आणि प्रशिक्षण असलेल्या अधिकाऱ्यांचे गट कोऱ्या पाटीच्या नौसैनिकांच्या गटांपेक्षा सरस ठरले नाहीत.

अनुभवाने नेतृत्व सुधारते, यावर तर सगळ्या लष्करी प्रशिक्षणाची भिस्त! १९७० मध्ये फीडलर यांनी याविषयी एक निबंध लिहिला. आणखी एका गृहीतकाची वाट लागली, अशा अर्थाचे रांगडे शब्द त्यांनी त्याच्या शीर्षकातच घातले होते. शास्त्रीय नियतकालिकात असे शीर्षक सहसा दिसत नाही.

टीकेचा मारा

१९७० पासून सिद्धांतावर जोरदार टीका सुरू झाली. जॉर्ज ग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की मूळ पुराव्यातले बरेच सहसंबंध थोड्याशा गटांवरून काढलेले होते आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर ते ठाम नव्हते. त्यांच्या स्वतःच्या प्रयोगांत सिद्धांताला पाठिंबा मिळाला नाही. उलट १९७२ मध्ये वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीच्या छात्रांवर चेमर्स आणि स्क्रिपेक यांनी काळजीपूर्वक केलेला प्रयोग सिद्धांताच्या बाजूने गेला.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होता. ‘नकोसा सहकारी’ चाचणी नक्की काय मोजते? फीडलर यांनी स्वतःच तिचा अर्थ वेगवेगळ्या काळात वेगवेगळा लावला होता. आधी ते मानसिक अंतर म्हणत, मग प्रेरणा म्हणू लागले. मोजपट्टी आधी आणि तिचा अर्थ नंतर, असा हा उलटा क्रम झाला, असे टीकाकार म्हणत. १९८० च्या दशकात तोवरची सर्व संशोधने एकत्र करून पाहणाऱ्या संख्याशास्त्रीय आढाव्यांत सिद्धांताला एकंदरीत आधार मिळाला. पण प्रयोगशाळेत तो जितका भक्कम दिसे तितका प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी दिसत नव्हता आणि काही कप्प्यांत तर जुळतच नव्हता.

म्हणून आज कोणी ही चाचणी देऊन ‘तुम्ही अमुक प्रकारचे नेते’ असे छातीठोकपणे सांगू लागले तर सावध राहावे. आठ कप्प्यांची चौकट हा निसर्गनियम नाही. विचार करण्यासाठी तिचा उपयोग जरूर होतो.

बुद्धी, अनुभव आणि वरिष्ठांचा धाक

१९६९ मध्ये फीडलर सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेले. बेल्जियमचे कोडे त्यांच्या मनातून गेले नव्हते. अनुभवाचा उपयोग होत नाही हे कसे शक्य आहे? आणि बुद्धीचे काय? नेत्याची बुद्धिमत्ता आणि गटाचे यश यांचा सहसंबंधही अनेक अभ्यासांत निराशाजनक, क्षीण आला होता.

पुन्हा त्यांनी जुनीच युक्ती वापरली. क्षीण सहसंबंध म्हणजे दोन विरुद्ध गोष्टींची सरासरी तर नाही? पायदळातल्या लहान तुकड्यांचे प्रमुख, तटरक्षक दलाचे कर्मचारी, अग्निशमन दल अशा ठिकाणी त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक नवी गोष्ट मोजली. या माणसाला आपल्या वरिष्ठाकडून किती ताण जाणवतो?

आता आकडे बोलू लागले. वरिष्ठाशी संबंध सलोख्याचे होते तेथे बुद्धिमान प्रमुखांची कामगिरी चांगली होती आणि अनुभवाचा फारसा फरक पडत नव्हता. वरिष्ठाचा धाक होता तेथे चित्र पालटले. बुद्धीचा उपयोग दिसेनासा झाला. कधी कधी तर बुद्धिमान माणसेच मागे पडली. तेथे उपयोगी पडला तो अनुभव. १९८७ मध्ये जोसेफ गार्सिया यांच्याबरोबर लिहिलेल्या ग्रंथात फीडलर यांनी हा विचार सविस्तर मांडला.

कारण असे दिले गेले. ताणाखाली माणसाचे लक्ष कामावरून उडून ‘साहेब काय म्हणतील’ याकडे जाते. नव्याने विचार करायला मोकळे मन लागते, ते उरत नाही. पण अनेकदा केलेली, अंगवळणी पडलेली कृती विचारावाचूनही हातून होते. लढाईत, आगीत ही सवयच माणसाला तारते. मात्र प्रश्न नवा असेल तर हीच सवय घातक ठरते. जुने उत्तर नव्या प्रश्नाला लावले जाते. या सिद्धांताचेही सगळे भाग नंतरच्या तपासण्यांत सारखेच टिकलेले नाहीत. पण मूळ मुद्दा महत्त्वाचा आहे. हुशार माणसे निवडून भागत नाही. त्यांची हुशारी कामाला येईल असे वातावरणही राखावे लागते, आणि ती जबाबदारी त्यांच्या वरच्या माणसाची असते.

फीडलर २०१७ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी वारले.

आपल्या शाळेत

या लष्करी संशोधनातून शिक्षकाने काय घ्यावे? सैन्य आणि शाळा यांत फरक आहे, हे उघडच आहे. मुलांना ‘नकोसा सहकारी’ चाचणी देऊन त्यांच्यावर शिक्के मारावेत असे तर आम्ही मुळीच सुचवणार नाही. दोन-तीन गोष्टी मात्र करून पाहण्यासारख्या आहेत.

एक, वर्षभराचा एकच प्रमुख नेमण्याऐवजी कामागणिक प्रमुख बदलावा. प्रयोगशाळेतल्या साहित्याची यादी करणे, परिसरातल्या झाडांची मोजणी करणे ही आखीव कामे. भित्तिपत्रिकेचा विषय ठरवणे, विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प सुचवणे ही मोकळी कामे. आपापसांत रुसवेफुगवे असलेला गट एकत्र आणणे हे तिसऱ्याच प्रकारचे काम. प्रत्येक कामाला वेगळा मुलगा किंवा मुलगी प्रमुख करावी आणि काय घडले ते वहीत टिपून ठेवावे. सहामाहीच्या शेवटी त्या नोंदी वाचल्या तर मागच्या बाकावरची काही अनपेक्षित नावे त्यांत आढळण्याचा संभव आहे.

दोन, एखादा गटप्रमुख अपयशी ठरला तर तो मुलाचा दोष मानण्यापूर्वी फीडलर यांचे तीन प्रश्न विचारावेत. गटाचे त्याच्याशी पटत होते का? काम पुरेसे स्पष्ट सांगितले होते का? त्याला काही अधिकार दिला होता का? यांतल्या शेवटच्या दोन गोष्टी तर पूर्णपणे शिक्षकाच्याच हातात असतात.

तीन, ताणाचा मुद्दा. तपासणीसाठी अधिकारी वर्गात येऊन बसले की एरवी छान शिकवणारा शिक्षकही पाठ केलेले बोलू लागतो, आणि फळ्यापुढे बोलावलेली हुशार मुलगी सोपे गणित चुकते. दोघांचीही बुद्धी काही त्या क्षणी नाहीशी झालेली नसते. मुख्याध्यापकांनी सहकाऱ्यांकडून नव्या कल्पना मागवायच्या असतील आणि शिक्षकांनी मुलांकडून विचार करवून घ्यायचा असेल, तर त्या तासापुरता तरी धाक बाजूला ठेवायला हवा. पाढे, आग लागल्यावर बाहेर पडण्याची कवायत, प्रथमोपचार अशा गोष्टींचा मात्र भरपूर सराव हवा, कारण त्यांची गरज लागते ती घाबरलेल्या अवस्थेतच.

पुढच्या जूनमध्ये वर्गप्रमुखाचे नाव जाहीर करण्यापूर्वी, ‘प्रमुख कशासाठी हवा आहे?’ हा प्रश्न आधी फळ्यावर लिहावा आणि वर्गालाच विचारावा. मुले कामांची यादी सांगू लागतील. एका नावाने त्या सगळ्या कामांचे भागणार नाही हे त्यांना बहुधा आपल्या आधी समजेल.